मदत हवी आहे: निर्देशांक हिरवळ वाढल्याचे सांगतो, जमीन मात्र उलट सांगते, वाळवंटीकरणाचा धोका मोजावा कसा?

नमस्कार. एका निमशुष्क गवताळ पट्ट्यासाठी वाळवंटीकरणाच्या धोक्याचा नकाशा करत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. वार्षिक पाऊस आणि संभाव्य बाष्पोत्सर्जन (भरपूर पाणी असते तर जमिनीतून व झाडांतून वाफ होऊन गेले असते तेवढे पाणी) यांचे गुणोत्तर इथे ०.२ ते ०.५ च्या दरम्यान येते.

मोडिस या उपग्रहावरील संवेदकाचा २५० मीटरचा, दर १६ दिवसांचा एनडीव्हीआय (हिरवळ मोजणारा निर्देशांक) २००० पासून घेतला आणि पावसासाठी चर्प्स या उपग्रह व पर्जन्यमापकांवर आधारित माहितीसंचाची सुमारे ५ किलोमीटरची जाळी वापरली. एनडीव्हीआयच्या वार्षिक बेरजेवर मान-केंडल ही कल तपासणारी सांख्यिकीय चाचणी लावल्यावर बहुतेक पट्ट्यात चढा कल दिसला. मालिकेची पहिली वर्षे कोरडी असल्यामुळे हा पावसाचाच परिणाम असावा असे वाटले, म्हणून रेस्ट्रेंड पद्धतीने पावसावरून अपेक्षित असलेली हिरवळ वजा करून उरलेल्या फरकाचा कल पाहिला. तोही चढाच निघाला. प्रत्यक्ष पाहणीत मात्र चराऊ गवत विरळ झालेले, उघड्या मातीवर कडक पापुद्रा धरलेला आणि काटेरी झुडपे माजलेली दिसली.

शेवटी एकाच पिक्सेलचा आलेख काढून बसलो, तेव्हा थोडा उलगडा झाला. पावसाळ्यातले शिखर हळूहळू खाली येत होते आणि कोरड्या महिन्यांतला तळ वर सरकत होता. बारमाही हिरव्या झुडपांनी गवताची तूट बेरजेत भरून काढली असावी. (हा आलेख आधीच काढायला हवा होता, हे मान्य.)

आता वर्षाचा किमान स्तर आणि त्यावरील हंगामी वाढ वेगळी करून केवळ हंगामी भागावर रेस्ट्रेंड चालवावे असा विचार आहे. ते योग्य ठरेल का? विरळ आच्छादनात मातीच्या रंगाचा प्रभाव किमान मूल्यावर पडतो. तिथे सॅव्ही (मातीचा प्रभाव कमी करणारा हिरवळीचा निर्देशांक) त्यातला माती-सुधारणा गुणक एल ०.५ धरून वापरल्याने पुरेशी सुधारणा होते, की एल स्थानिक मातीनुसार ठरवावा लागतो?

दुसरी अडचण प्रमाणाची (स्केलची) आहे. पावसाच्या एका चौकटीत एनडीव्हीआयचे सुमारे ४०० पिक्सेल येतात आणि त्या सर्वांना एकच पाऊस गृहीत धरला जातो. मग उतारावरचा आणि नाल्याकाठचा फरक जमिनीच्या अवनतीचा, की पाणी वाहून जाण्याचा, हे कसे ओळखायचे? हिरवळ मोठ्या चौकटीत सरासरीने घेतली, तर झुडपांचे पुंजकेच पुसले जातात.

शिवाय मोडिस ज्यावर आहे त्या टेरा उपग्रहाची निरीक्षणाची वेळ अलीकडे सकाळी लवकर सरकत चालली आहे, त्यामुळे अलीकडची मूल्ये आधीच्यांशी थेट जुळतीलच असे नाही. शेवटच्या वर्षांसाठी व्हीआयआयआरएस या नव्या उपग्रह-संवेदकाची आकडेवारी जोडताना दोन्ही संवेदकांच्या सामाईक वर्षांवरून जुळवणी कोणी केली असल्यास ती रीत कृपया सांगावी.