पिल्लाला चिप बसवायची का? पट्ट्यावरचा नंबर पुरत नाही?

कृष्णाकाठचा
कारवान जातीचं पिल्लू आहे, चार-सहा दिवसांत तीन महिन्यांचं होईल. तेव्हाच रेबीजची लस आहे आणि डॉक्टर म्हणतात चिपही बसवून घ्या. पट्ट्याला नाव-मोबाईल कोरलेला बिल्ला आहेच. घर सांगलीत नदीच्या अंगाला. आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांकडे निघालं की इथं बांधाबांध सुरू होते. त्या गडबडीत कुत्रं सुटलं तर ते कुठं आहे हे चिपवरून मोबाईलवर दिसेल का? गाईच्या कानातला पिवळा बिल्ला म्हणजे हेच का? आणि बसवताना काय बघून घ्यायचं?

घाटावरून
नाही दिसणार. चिपमध्ये बॅटरी नाही, सिम नाही. काचेच्या बारीक नळीत तारेचं वेटोळं आणि एक नंबर, बस्स. रीडर, म्हणजे चिप वाचायचं यंत्र, जवळ आणला की त्याच्या लहरींवर तेवढ्यापुरती जागी होते, १५ आकडी नंबर देते आणि पुन्हा गप्प. हातातल्या रीडरचा पल्ला वीतभर धरा, कमीच. 'तांदळाच्या दाण्याएवढी' म्हणतात, पण आंबेमोहोर डोळ्यासमोर आणू नका. १२ मिमी लांब, २ मिमी जाड, म्हणजे शिजलेल्या बासमतीचं शीत. ८ मिमीची बारीकही मिळते, तिची सुई कमी जाड असते. लहान पिल्लाला तीच बरी.

घेताना एवढंच विचारा: आयएसओ ११७८४/११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकाची आणि १३४.२ किलोहर्ट्झची आहे ना? स्वस्तात १२५ किलोहर्ट्झच्याही मिळतात. दुसऱ्या दवाखान्यातल्या रीडरला ती दिसलीच नाही तर बसवून न बसवल्यासारखी. नंबरातले पहिले तीन आकडे ९०० किंवा त्यापुढचे असले तर तो कंपनीचा कोड. भारताचा देश-कोड ३५६, पण तो नसला म्हणून चिप खोटी ठरत नाही.

गाईचा बिल्ला वेगळा. तो १२ आकडी, डोळ्यांनी वाचायचा, जनावरांच्या सरकारी नोंदीचा. कुत्र्यामांजराला तो नाही.

सुई_आणि_सिरिंज
बसवताना रीडर तीनदा फिरला पाहिजे, तुमच्या डोळ्यांदेखत.

पहिल्यांदा पिल्लावर, आधीची चिप नाही ना हे बघायला. विकत घेतलेल्या पिल्लात ती निघू शकते. दुसऱ्यांदा पाकीट न फोडता चिप भरलेल्या सिरिंजवर. नंबर आणि सोबतच्या स्टिकरवरचा नंबर आकडा न् आकडा जुळवा. तिसऱ्यांदा बसवून झाल्यावर.

जागा दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध, कातडीखाली. डॉक्टर तिथली कातडी चिमटीत तंबूसारखी उचलतात, सुई तिरकी आत घालतात, सिरिंजचा दांडा पूर्ण दाबतात आणि सुई काढताना भोकावर बोट दाबून धरतात. भूल लागत नाही. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड, त्यामुळे पिल्लू एकदा कुंईऽ करतं आणि बिस्किटावर विसरतं.

चुकतं ते बहुतेक इथंच. कातडीची घडी पातळ धरली की सुई आरपार जाते आणि चिप पलीकडच्या केसांत पडते. दांडा अर्धवट दाबला तर सुईबरोबर परत येते. वरवर सोडली आणि लगेच चोळलं तर त्याच भोकातून बाहेर. म्हणून तिसरं वाचन झाल्याशिवाय टेबलावरून उतरवू नका. दोन दिवस अंघोळ नको, तिथं ब्रश नको, मुलांना मान खाजवू देऊ नका.

लस त्याच दिवशी असेल तर आधी चिप, मग रेबीजची लस. कुत्रं पुढंमागं युरोपात न्यायचं झालं तर चिपच्या तारखेआधी टोचलेली रेबीजची लस तिथं धरत नाहीत. लस पुन्हा द्यायची, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासायला द्यायचं, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. क्रम चुकला म्हणून चार महिने. केनेल क्लबची (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) कागदं काढणार असाल तर तिथंही चिपचा नंबर लागतो.

कृष्णाकाठचा
मोबाईलच्या एनएफसीनं (फोन जवळ धरून पैसे देतात ते) वाचता येईल का? नवा रीडर कशाला घ्यायचा?

घाटावरून
नाही. एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, चिप १३४.२ किलोहर्ट्झवर. एकमेकांचं ऐकूच येत नाही.

नोंदवही
वरच्यांनी यंत्राचं सांगितलं, खरी मेख नोंदणीत आहे. चिपमध्ये तुमचं नाव नसतं, मोबाईल नसतो. नंबर कुणाचा हे ज्या नोंदवहीत लिहाल तिथंच सापडणार, आणि आपल्याकडं कुत्र्यामांजरांची देशभराची एकच नोंदवही नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: नोंद कुठं करता, मी करायची की तुम्ही, मोबाईल बदलला तर कुणाला कळवायचं? नोंद झाल्यावर आपणच नंबर घालून शोधून बघा. एक आकडा इकडचा तिकडं झाला की चिप बेवारस.

स्टिकरपैकी एक लसीच्या पुस्तकात, एक दवाखान्याच्या रजिस्टरात. पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो पुराबाहेर राहणाऱ्या पाहुण्याला पाठवून ठेवा. पुस्तक भिजतं.

दरवर्षी लसीला गेलात की चिप वाचून घ्या. कधी ती खांद्याखाली, पार कोपरापर्यंत सरकते. मधोमध सापडली नाही तर नागमोडी, सावकाश, दोन्ही खांदे आणि मानेच्या डाव्या बाजूनं रीडर फिरवायला सांगा. साखळी, लोखंडी कडीचा पट्टा आधी काढा, धातूजवळ वाचन चुकतं.

आणि पट्ट्यावरचा बिल्ला काढू नका. पुरात कुत्रं ज्याच्या दारात जाईल त्याच्याकडं रीडर नसतो, मोबाईल असतो. फक्त लोंबणारा बिल्ला नको, तो कडीतून निसटतो. पट्ट्यालाच रिबिट मारून सपाट पट्टी बसवा आणि त्यावर दोन मोबाईल नंबर कोरा, दुसरा गावाबाहेरचा.