मदत हवी आहे: सेगा वीस मिनिटांत तापून अडकतो

रंकाळा९१
भावांनो, माझा सेगा गेम कन्सोल वीस मिनिटं झकास चालतो, मग चित्रावर आडव्या रेघा येतात आणि गेम जागेवर अडकतो. बंद करून दहा मिनिटं ठेवला की परत चालू. मागची बाजू चटका बसेल इतकी तापते. टेबलफॅन लावून बघितला, पाच मिनिटं जास्त चालला एवढंच. पॉवर सप्लायचाच प्रॉब्लेम आहे, ते नक्की. कुठला पार्ट बदलायचा तेवढं सांगा. शनिवारी भाचे येणार आहेत, त्याआधी चालू पाहिजे.

खटपट्या
कुठला सेगा? मास्टर सिस्टिम, मेगाड्राइव्ह १, मेगाड्राइव्ह २, सॅटर्न, सगळे सेगाच आहेत आणि प्रत्येकाचा सप्लाय वेगळा. तळाचं लेबल वाचा. अडॅप्टरवर जे छापलंय ते सगळं लिहा: व्होल्ट, ॲम्पिअर, एसी की डीसी, आणि पिनचं ते अधिक-उणे वर्तुळ.

कॅसेटफुंक्या
रेघा येतात म्हणजे कॅसेटचे पाय काळे पडलेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून दोन्ही बाजू पुसा, बड काळा निघायचा थांबेपर्यंत. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने तांबं गंजतं.

रंकाळा९१
कॅसेट स्वच्छ आहे, चार वेगवेगळ्या लावून बघितल्या. मेगाड्राइव्ह २ आहे. अडॅप्टर नवा कोरा आहे, २ ॲम्पिअरचा, ओरिजिनलपेक्षा दमदार. त्यात काही खोट नाही.

ट्रान्सफॉर्मरकाका
व्होल्ट किती, ते लिहिलं नाहीत.

रंकाळा९१
१२. सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा आहे. पिन बसत नव्हती म्हणून जुन्या एचपी लॅपटॉपची पिवळ्या टोकाची पिन जोडली, ती चपखल बसली. आत मधे प्लस.

ट्रान्सफॉर्मरकाका
मग पहिलं कारण इथेच आहे. मेगाड्राइव्ह २ चा मूळ अडॅप्टर १० व्होल्ट डीसी, ०.८५ ॲम्पिअर, मध्यभागी प्लस. पिन तुम्ही बरोबर निवडलीत.

ॲम्पिअर जास्त असले तर काहीच बिघडत नाही, कन्सोल लागेल तेवढेच ओढतो. व्होल्ट जास्त असले की मात्र सगळा भार आतल्या ७८०५ वर येतो. ७८०५ हा लिनिअर रेग्युलेटर, म्हणजे आत येणारे व्होल्ट ५ वर आणून धरणारा भाग. ५ च्या वरचे जेवढे व्होल्ट येतील, तेवढे तो उष्णता करून टाकतो. हिशोब सोपा आहे: आत येणारे व्होल्ट वजा ५, गुणिले करंट. करंट ०.६ ॲम्पिअर धरा. १२ व्होल्टला ७ गुणिले ०.६ म्हणजे ४.२ वॅट. ९ व्होल्टला २.४ वॅट. तुमच्या सेगाच्या आत जवळपास दुप्पट आच चालू आहे.

तापमान १५० अंशांच्या आसपास गेलं की ७८०५ स्वतःला वाचवायला हात आखडतो. ५ व्होल्टचे साडेचार होतात, प्रोसेसर आणि रॅम गडबडतात, रेघा येतात. थंड झाला की परत शहाणा होतो. तुमचं लक्षण अगदी हेच.

९ व्होल्ट, १ ते २ ॲम्पिअरचा रेग्युलेटेड (व्होल्ट स्थिर ठेवणारा) एसएमपीएस अडॅप्टर आणा आणि हीच पिवळी पिन त्याला लावा. ९ च्या खाली फार जाऊ नका. ७८०५ ला वर साधारण २ व्होल्टची जागा लागते, ७ च्या खाली घसरला की ५ टिकत नाहीत.

बकबहाद्दर
काका, १९७० च्या दशकातला भाग कशाला जपायचा? ७८०५ उपटा आणि त्याच तीन भोकांत ट्रॅको कंपनीचा टीएसआर १-२४५० हा स्विचिंग रेग्युलेटर बसवा. पायांचा क्रम तोच, ६.५ ते ३६ व्होल्ट काहीही द्या, ५ व्होल्ट १ ॲम्पिअर देतो. ९० टक्के कार्यक्षमता धरली तरी ३ वॅटच्या लोडला एक तृतीयांश वॅट उष्णता. हीटसिंकच (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पत्रा) नको, १२ चा अडॅप्टरही राहू द्या.

ट्रान्सफॉर्मरकाका
भाग उत्तम आहे, वाद नाही. पण शनिवारपर्यंत कोल्हापुरात मिळणार आहे का? आणि लोक टीएसआर ऐकतात आणि दुकानातून ती निळी एलएम २५९६ ची स्विचिंग रेग्युलेटरची पट्टी आणतात. तिच्यावरचा व्होल्ट ठरवणारा पितळी स्क्रूचा प्रीसेट सैल झाला की ५ चे ९ व्होल्ट व्हायला वेळ लागत नाही. सेगाच्या चिपांना तेवढं पुरतं. शिवाय तिचा रिपल, म्हणजे व्होल्टची बारीक थरथर, थेट चित्रात उतरतो, गडद निळ्या पडद्यावर तिरप्या बारीक रेघा सरकताना दिसतात.

बकबहाद्दर
निळी पट्टी मी सुचवलेलीच नाही. फिक्स ५ व्होल्टचा मॉड्यूल आणि प्रीसेटवाली पट्टी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिपलसाठी आउटपुटच्या पायाशी लो-ईएसआरचा (कमी अंतर्गत रोधाचा) १०० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा कपॅसिटर लावा, पाय शक्य तितके आखूड ठेवून.

पीडीवाली
अडॅप्टर विकत घ्यायचीच गरज नाही. मोबाइलच्या टाइप-सी फास्ट चार्जरवर बारीक अक्षरांत '९व्ही' छापलंय का बघा. असेल तर ९ व्होल्टचा पीडी ट्रिगर बोर्ड (चार्जरकडून ठरावीक व्होल्ट मागून घेणारी छोटी पट्टी) आणि पिवळी पिन, काम झालं. मात्र बटण दाबून व्होल्ट बदलणारा ट्रिगर घेऊ नका. चुकून २० वर गेला तर आतला इनपुट कपॅसिटर फुगेल. एकच व्होल्टेज पक्कं केलेला घ्या आणि सेगाला जोडण्याआधी मीटरने मोजा.

जुनंतेसोनं
शॉ वॉलेसने १९९५ च्या सुमारास भारतात मेगाड्राइव्ह विकायला आणला होता. किंमत १८,००० रुपये! तेव्हा गल्लोगल्ली चायना टीव्ही गेम चालायचे. कुणाकडे त्या भारतीय खोक्याचा फोटो असेल तर टाका, सोबतचा अडॅप्टर बघायचाय.

खटपट्या
फोटोसाठी वेगळा धागा काढा हो.
@रंकाळा९१, अंदाजावर पार्ट बदलू नका, आधी मोजा. कव्हर उघडा, वर पत्र्याची शील्ड असेल तर ती काढा. ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला स्क्रूने बसवलेला तीन पायांचा भाग दिसेल. छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून: इनपुट, ग्राउंड, आउटपुट. चालू केल्याकेल्या इनपुट आणि आउटपुट मोजा, मग रेघा यायला लागल्यावर परत मोजा. चारही आकडे इथे लिहा.

एक गोष्ट जिवापाड सांभाळा. मीटरची काळी वायर मगरक्लिपने हीटसिंकला अडकवा (७८०५ ची पाठ ग्राउंडलाच असते) आणि लाल टोक एका हाताने एकाच पायाला लावा. टोक घसरून इनपुट आणि आउटपुट एकदम जोडले गेले तर ते १२ व्होल्ट थेट ५ च्या लाइनीत जातात. मग धाग्याचं नाव बदलावं लागेल.

रंकाळा९१
मोजलं. सुरुवातीला इनपुट १२.२, आउटपुट ५.०१. अठरा मिनिटांनी इनपुट १२.२, आउटपुट ४.५८ आणि खाली खाली जातंय.
राउटरचा ९ व्होल्ट १ ॲम्पिअरचा अडॅप्टर घरात होता, तोही लावला. ३५ मिनिटं चालला, मग परत तेच, ४.६. म्हणजे काका, अडॅप्टरचं तुमचं म्हणणं चूक निघालं.

बकबहाद्दर
म्हणूनच म्हणतोय, टीएसआर लावा.

ट्रान्सफॉर्मरकाका
चूक नाही, अर्धं उत्तर आहे. वीसचे पस्तीस झाले ते उगाच नाही. पण २.४ वॅटला धडका ७८०५ हीटसिंकसकट बंद पडायला नको. भाग आणि चिपेच्या गाभ्यामधला अडथळा वॅटमागे ५ अंश, म्हणजे गाभा पाठीपेक्षा फक्त १२ अंशांनी गरम. उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये किंवा भागच कमजोर आहे. हीटसिंकला बोट लावा. भाग चटके देतोय आणि हीटसिंक नुसता कोमट आहे का? आणि हा सेगा याआधी कुणी उघडलाय का?

रंकाळा९१
हो, गणपतीच्या आधी एका दुकानात दिला होता, चालूच होत नव्हता म्हणून. त्याने 'आयसी बदलली' म्हणाला. हे महत्त्वाचं आहे का?
हीटसिंक कोमट आहे. भागाला हात लावला तर फोड येईल.

खटपट्या
हेच पहिल्या दिवशी लिहायचं होतंत! भागावरचं अक्षर न् अक्षर वाचा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की कोरलेली अक्षरं उठून दिसतात.

रंकाळा९१
७८एम०५ लिहिलंय. स्क्रू पण हाताने फिरतोय. मागे पांढरं काहीच नाही, कोरडं.

ट्रान्सफॉर्मरकाका
सापडलं. मधला 'एम' म्हणजे अर्ध्या ॲम्पिअरचा भाग. कवच तेच, पाय तेच, म्हणून दिसायला जुळा भाऊ. तुमचा सेगा त्याच्याकडून कुवतीपेक्षा जास्त मागतोय, त्यात स्क्रू सैल आणि उष्णता हीटसिंककडे नेणारी पांढरी पेस्ट नाही. दुकानात 'सात आठ शून्य पाच द्या' एवढंच म्हणू नका, एल७८०५सीव्ही मागा. तो दीड ॲम्पिअरचा आहे. आणि काउंटरवरच वाचून घ्या, मध्ये 'एम' किंवा 'एल' नको. एल म्हणजे तर फक्त ०.१ ॲम्पिअर. कोल्हापुरात नाही मिळाला तर पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळेल.

काढताना भाग वाचवू नका, बोर्ड वाचवा. आधी कटरने तिन्ही पाय वरून कापा, मग एकेक तुकडा ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने काढा, सोल्डरिंग गनने नव्हे. २५ वॅटचं आयर्न मधल्या पायाला पुरत नाही, तो ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो आणि सगळी आच तिकडे पळते. त्या पायावर थोडं नवं ६०-४० सोल्डर चढवा, जुनं त्यात मिसळून लवकर वितळतं. चिमट्याने ओढायची घाई केलीत तर भोकातलं तांब्याचं कडं पायासोबत बाहेर येतं आणि वरच्या थराचा संपर्क तुटतो.

बसवताना क्रम हा: तांदळाच्या दाण्याएवढं हीटसिंक कंपाउंड (तीच पांढरी पेस्ट), मग स्क्रू घट्ट, आणि सगळ्यात शेवटी सोल्डर. आधी सोल्डर करून मग स्क्रू आवळला तर पाय ताणले जातात आणि जोड तडकतो. पाठ ग्राउंडलाच असल्याने मध्ये अभ्रकाचा पापुद्रा लावायची गरज नाही.

पीडीवाली
उघडलाच आहे तर इनपुटजवळचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बघून घ्या. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी ओल असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा लावा.

रंकाळा९१
झालं! एल७८०५सीव्ही शाहूपुरीतच मिळाला, पेस्टची पुडीही. कपॅसिटर सपाट आहे, हात लावला नाही. ९ चा अडॅप्टर लावलाय. दीड तास चालू आहे, आउटपुट ४.९९ वरून हललं नाही. पण हीटसिंक आता आधीपेक्षा जास्त गरम लागतोय, बोट तीन सेकंद टिकतं. हे बरोबर आहे का?

खटपट्या
अगदी बरोबर. आधी उष्णता भागातच कोंडत होती, आता हीटसिंककडे येतेय. साठ अंशांच्या आसपास बोट टिकत नाही, पण ७८०५ ला ते रोजचं आहे. मागची जाळी भिंतीला टेकवू नका आणि गादीवर ठेवून खेळू नका, एवढं भाच्यांना सांगा.

बकबहाद्दर
चाललं ते छान. तरी दिवाळीत टीएसआर लावा.

कॅसेटफुंक्या
माझ्याकडे मेगाड्राइव्ह १ आहे, अडॅप्टर हरवलाय. हीच पिवळी पिन आणि ९ व्होल्ट चालेल ना? आजच जोडतो.

ट्रान्सफॉर्मरकाका
थांबा, जोडू नका! मॉडेल १ ला ९ व्होल्टच, १.२ ॲम्पिअर, पण मध्यभागी उणे आणि बाहेर प्लस, म्हणजे याच्या बरोबर उलटं. पिनही जाड, साडेपाच मिलिमीटरची. आत दोन ७८०५ आहेत. अडॅप्टरवरच्या वर्तुळाचा फोटो आधी इथे टाका, मग बोलू.