मृग लागतो जूनमध्ये, दिसतो थंडीत! चौथीतल्या मुलीला कसं समजावू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी चौथीत आहे. आम्ही पुण्यात राहतो, माहेर बार्शीजवळच्या एका खेड्यात. वडील शेतकरी, त्यामुळे घरात पावसाळा नक्षत्रांनी मोजला जातो. रोहिणी बरसली का, मृग कोरडा गेला का, आर्द्रात तरी पेरणी उरकेल का. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, हे माझ्या लेकीला बाराखडीच्या आधी पाठ होतं.

नाताळच्या सुट्टीत एका रात्री आम्ही माळवदावर गोधड्या पांघरून बसलो होतो. आजोबांनी तिला पूर्वेला एका ओळीत, सारख्या अंतरावर असलेले तीन तारे दाखवले. हा मृगाच्या पोटात रुतलेला बाण. भोवतीचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय, त्यातला एक तांबूस काक्षी, त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेघ तशीच दक्षिणेकडे वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. पोरगी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आजोबा, मृग जूनमध्ये लागतो ना? मग आत्ता थंडीत तो इथे काय करतोय?"

वडील म्हणाले, "लागणं वेगळं, दिसणं वेगळं." बरोबरच आहे, पण तिचं समाधान झालं नाही.

मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. पृथ्वीवरून पाहताना तो भाग सूर्याच्या पाठीमागे असतो, म्हणून सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो. हे मला माहीत आहे, पण तिच्या गळी उतरवता येत नाही. मोसंबं आणि टॉर्च घेऊन बसले. दिवस-रात्र तिला लगेच कळली. मग मोसंबं टॉर्चभोवती फिरवायला लागले, तर म्हणते, "आई, यात तारे कुठेत?" तिथेच मी अडकले.

दुसरा गुंता माझ्या भावाने वाढवला. तो मेलबर्नला असतो. व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेला की आमच्याकडे मृग उलटा दिसतो, पाय वर! तेव्हापासून तिचा प्रश्न, "मामा उलटा उभा आहे का? मग तो खाली पडत कसा नाही?"

तिला एखादा व्हिडिओ लावून देणं सोपं आहे, पण ते मला नको आहे. हाताने करून बघता येईल असं काही सुचवाल का?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या मुलीने नेमकी चूक पकडली. तुमच्या मांडणीत तारे नव्हतेच. ते भिंतीवर लावा.

खोलीच्या मधोमध स्टुलावर दिवा ठेवा, तो सूर्य. एका भिंतीवर मृगाची चित्रं-ठिपके काढलेला कागद चिकटवा, दिव्याच्याच उंचीवर. समोरच्या भिंतीवर वृश्चिकाचा विंचू. आता मोसंबं बाजूला ठेवून मुलीलाच पृथ्वी करा. तोंड दिव्याकडे असेल तर दिवस, पाठ दिव्याकडे असेल तर रात्र. तिला विंचवाच्या भिंतीपाशी उभं करा. दिव्याकडे बघितलं की मृग बरोब्बर दिव्यामागे, डोळे दिपल्यामुळे दिसणारच नाही. हा जून. आता दिव्याला अर्धी फेरी मारून मृगाच्या भिंतीपाशी यायचं आणि दिव्याकडे पाठ करायची. मृग समोर. हा डिसेंबर. म्हणूनच त्या महिन्यात इकडे सूर्य मावळतो आणि तिकडे पूर्वेला मृग वर येतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा, की भिंत फार जवळ आहे. सूर्य १४ सेंटीमीटरच्या पपनसाएवढा धरला, तर पृथ्वी म्हणजे १५ मीटरवरचा मोहरीचा दाणा, आणि चंद्र त्या मोहरीपासून ४ सेंटीमीटरवरचा रव्याचा कण. याच मापाने सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४,००० किलोमीटरवर येतो, काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही लांब. म्हणून तर आपण एवढी मोठी फेरी मारली तरी मृगाचा आकार जराही बदललेला दिसत नाही.

प्रतिसाद २

मामाचं सांगतो. पुढच्या कॉलवर दोघांनी एकाच वेळी चमचा सोडा. दोघांचाही चमचा आपापल्या पायांकडेच जाईल. 'खाली' म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मामाचं डोकं आपल्या तुलनेत वेगळ्या दिशेला असतं, म्हणून त्याला मृग उलटा दिसतो.

यानंतर ती विचारेल की पृथ्वी एवढी फिरते, तर आपण गोफणीतल्या दगडासारखे भिरकावले का जात नाही. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे खरा, पण एका फेरीला जवळजवळ २४ तास लागतात. गोफण सेकंदात गरकन फिरते. पृथ्वीच्या संथ फिरण्यामुळे विषुववृत्तावरसुद्धा वजनात हजारात तीन-चार भागांचाच फरक पडतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! काल रात्री दिव्याचा खेळ केला. विंचवाच्या भिंतीपाशी उभी राहून तिने डोळ्यांवर हात धरला, "दिवा डोळ्यांत येतोय, मृग दिसतच नाहीये." मग फेरी मारून वळली आणि क्षणभर गप्प झाली. "म्हणजे मृग तिथेच असतो. आपणच फिरून येतो."

लगेच आजोबांना फोन. त्यांना सगळं समजावून झाल्यावर तिने विचारलं, "पण मग दिसत नसताना मृग लागला हे लोकांना कळायचं कसं, पंचांग नसेल तर?" वडील म्हणाले, "माझे आजोबा वैशाखात दिवेलागणीला पश्चिमेकडे बघायचे. मृग रोज थोडा थोडा खाली टेकत जायचा. एक दिवस तो दिसेनासा झाला, की औताची डागडुजी काढायची."

आता एप्रिलपासून रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं आणि मृग दिसला का ते वहीत लिहायचं, असं तिने ठरवलंय. आमच्या पश्चिमेला बिल्डिंग आहे. कुठून मोकळं क्षितिज दिसेल ते उद्याच बघून येणार आहोत.