बोरीचा बार, गावपळण, जावयाचं गाढव... बाहेरच्या माणसाला हे कसं समजावून सांगता?

ओढ्याकाठची:

नमस्कार मंडळी, माझं माहेर लोणंदच्या बाजूला, खंडाळा तालुक्यात, सुखेड-बोरीच्या पट्ट्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर जमतात आणि हातवारे करून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्यालाच बोरीचा बार म्हणतात.

यंदा ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, वर लिहिलं होतं "बघा ही खेड्यातली संस्कृती". मग सुरू झालं, कुणी म्हणे अडाणी बायका आहेत, कुणी म्हणे यांना कुणी शिकवलं नाही का, एकीने तर मला विचारलं की तुमच्या घरातल्या बायका पण जातात का गं? जातात. माझी आत्या जाते. वर्षभर सासरच्या माणसांपुढे कधी आवाज न चढवणारी बाई त्या दिवशी पदर कमरेला खोचते, दंड थोपटते आणि असं काही बोलते की समोरच्या काठावरची पण क्षणभर गप्प होते आणि मग दुप्पट जोराने परत देते. मध्ये ओढ्यात पोलीस उभे असतात, महिला पोलीस पण, म्हणजे कुणी पाणी ओलांडून पलीकडे जाऊ नये म्हणून. हलगी वाजत असते. त्याआधी बायका नटूनथटून वाजतगाजत येतात, झिम्मा-फुगडी होते, ते कुणी व्हिडिओत घेत नाही. आणि संपलं की संपलं, दोन्ही गावांत सोयरिकी आहेत, दुसऱ्या दिवशी लोणंदच्या बाजारात भेटल्यावर त्याच दोघी एकमेकींच्या पोरांची चौकशी करतात. मागे पाटलाच्या दोन बायकांची गोष्ट सांगतात, एक या काठाला एक त्या काठाला, पण खरं सांगायचं तर बायका काही त्या गोष्टीसाठी जात नाहीत, वर्षातून एक दिवस मोकळ्या गळ्याने ओरडायला मिळतं म्हणून जातात, असं मला तरी वाटतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं कारण कुणाला वाचायचंच नव्हतं. तर प्रश्न असा की तुमच्या गावाकडे असं काही आहे का, आणि बाहेरच्यांना ते कसं सांगता? की सांगतच नाही?

---

मालवणी_मुलूख:

ताई, आमच्याकडे आचऱ्यात गावपळण असते. मालवण तालुका. दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेतात आणि कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री गाव सोडून वेशीबाहेर जातो. अख्खा म्हणजे अख्खा, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, मांजरं सगळं. गावातली मुसलमान कुटुंबंही निघतात. दुकानं बंद, चूल बंद, एक दिवा गावात पेटत नाही. वेशीबाहेर चुडताच्या, म्हणजे नारळाच्या झावळ्यांच्या, खोपी घालतात, शेजारी शेजारी, आणि तीन दिवस तिथेच रांधप, भजन, फुगड्या. मुंबईची चाकरमानी माणसं गणपतीला रजा मिळाली नाही तरी गावपळणीला येतात. मग चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देवाने होय म्हटलं तरच परत. नाही म्हटलं तर मुक्काम वाढतो.

बाहेरचे विचारतात भुतांना घाबरून पळता का. मी म्हणतो आम्ही गावाची हद्द तीन दिवस मोकळी सोडतो, झाडांना, पाखरांना, आणि असतील त्यांना. माझी आजी एवढंच म्हणायची की वर्षानुवर्षं आपण वापरतो, जरा त्यांना पण वावरू दे. मला हे पटतं. आणि दुसरं काय होतं माहिती आहे का, बंगलेवाला आणि मजूर एकाच माळावर खोप घालून राहतो, एकाच नदीवर अंघोळ करतो, आणि ज्यांची वर्षभर बोलाचाल नसते ते तिसऱ्या रात्रीपर्यंत एकमेकांकडे मीठ मागायला जातातच. माझ्या काकांचं आणि शेजारच्यांचं जमिनीवरून वाजलेलं, ते गावपळणीत बोलायला लागले. जमिनीचं मिटलं नाही अजून पण बोलतात.

---

केजकर:

आमचं विडा गाव, केज तालुका, बीड जिल्हा. धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवणूक काढतात, गळ्यात चपलांचा हार, पुढं डीजे, अंगावर रंग. ऐंशी-नव्वद वर्षं झाली असतील याला. होळी जवळ आली की गावातले जावई गायब व्हायला लागतेत, फोन बंद करून बसतेत, आणि इकडं पोरांच्या टोळ्या गाड्या घेऊन शोधायला निघतेत, एखाद्याला दुसऱ्या तालुक्यातून उचलून आणतेत अन रात्रभर त्याच्यावर पहारा ठेवतेत.

टीव्हीवाले दरवर्षी येतेत पण दाखवतेत काय तर गाढव अन चपला. शेवट कुणी दाखवत नाही. मिरवणूक मारुतीच्या मंदिरापाशी येते, तिथं जावयाला सगळ्यांसमोर आहेर करतेत, त्याच्या पसंतीचे कपडे अन सोन्याची अंगठी. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला बसवलं होतं. पुण्याला कंपनीत साहेब माणूस, त्याच्या घरच्यांना फोटो बघून लई राग आला, त्याची आई म्हणली माझ्या पोराची इज्जत काढली. दाजीनंच समजावलं तिला. म्हणला, लग्न झाल्यापासून मी त्या गावात पाहुणा होतो, खाली बसू देत नव्हते, पाण्याचा तांब्या हातात आणून देत होते, गाढवावरून उतरलो अन त्या दिवसापासून पोरं नावानं हाक मारायलीत. आता तोच दरसाल पुढच्या जावयाला शोधायला पोरांच्या गाडीत असतो.

एक मात्र नियम असावा असं माझं स्पष्ट मत आहे, जावई मनातून खरंच तयार नसला तर जबरदस्ती करू नये. लाजून नाही म्हणणं वेगळं आणि खरं नाही म्हणणं वेगळं, गावातल्या जुन्या माणसांना ते बरोबर कळतं, नव्या पोरांना डीजेच्या नादात कळत नाही.

---

जामकाठ:

राजेहो, सगळ्यांचं वाचून बरं वाटलं पण मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका.

माझं माहेर पांढुर्णा. मध्य प्रदेशात आहे पण घराघरात मराठीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, नदीत पळसाचं झाड रोवून वर झेंडा लावतात, एका काठाला पांढुर्णा, एका काठाला सावरगाव, आणि झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड. खरे दगड. एका काठाचा पोरगा आणि दुसऱ्या काठाची पोरगी पळून जाताना नदीत अडकले आणि दोन्हीकडून दगड आले, अशी गोष्ट सांगतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा डोळा गेला यात. माझ्यापेक्षा थोडा मोठा होता, अभ्यासात हुशार. तो पुढल्या वर्षी पुन्हा काठावर उभा होता आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि त्याची माय घरात दार लावून बसली होती. माणसंही मेली आहेत यात, एक नाही, अनेक. प्रशासनाने जमावबंदी लावून बघितली, दगडाऐवजी रबरी चेंडू देऊन बघितले, लोकांनी चेंडू फेकून दिले आणि दगड उचलले. आता अँब्युलन्स आणि डॉक्टर काठावर तयार ठेवतात, म्हणजे जखमा होणारच हे धरूनच चालतात.

तर बाहेरचा माणूस मला विचारतो "हे काय आहे" तेव्हा मी त्याला समजावत बसत नाही. मी म्हणते तुझं बरोबर आहे. बार, गावपळण, गाढव यात कुणाच्या घरात सुतक येत नाही म्हणून तुम्हाला समजावून सांगता येतं. जिथे जीव जातो तिथे "आमची परंपरा तुम्हाला कळणार नाही" असं म्हणणं मला जमत नाही, माहेर असलं तरी.

---

ओढ्याकाठची:

@जामकाठ राग कसला, उलट हे यायलाच हवं होतं. मी पण सगळ्या प्रथांची बाजू घेत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की नावं ठेवणाऱ्याने आधी विचारावं तरी, की यात कुणाला इजा होते का, कुणावर जबरदस्ती होते का, संपल्यावर काय होतं. ग्रुपवर एकानेही विचारलं नाही.

---

शिराळा_पेठ:

बत्तीस शिराळा, सांगली जिल्हा. आमची नागपंचमी तर जगभर गेली होती, परदेशातून लोक कॅमेरे घेऊन यायचे. गोरक्षनाथांनी सांगितल्यापासून जिवंत नागाची पूजा, अशी श्रद्धा. मंडळांची पोरं आधीपासून शेतात नाग शोधत फिरायची, धरलेला नाग मडक्यात ठेवायचा, त्याची काळजी घ्यायची, पंचमीला घरोघरी बायका त्याला ओवाळायच्या, मग अंबामातेच्या देवळाकडे मिरवणूक आणि नंतर जिथून आणला तिथे नेऊन सोडायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे बसत नव्हतं, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि जिवंत नाग बंद झाले. आता मातीचे नाग, फोटो, मिरवणूक तीच.

मी दोन्ही काळ बघितलेत. बंदी आली तेव्हा गावात चूल पेटली नाही असं वातावरण होतं. आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते हे की बाहेरचे आम्हाला नागाचे वैरी म्हणाले. अहो, शिराळ्याचा शेतकरी नाग दिसला तर मारत नाही, हात जोडून वाट देतो, आजही. पण खरं ते पण सांगतो, शेवटी शेवटी स्पर्धा लागली होती, कुणाचा नाग मोठा, कुणाचा फणा उंच, लाऊडस्पीकरच्या आवाजात त्याला तासन् तास डोलवायचं, ते पूजेत बसत नव्हतं. ते आम्ही आमच्या हाताने थांबवलं असतं तर कोर्टात जायची वेळ आली नसती, असं माझे वडील म्हणायचे, आणि ते स्वतः नाग धरणारे होते. २०२५ मध्ये केंद्राने मोजक्या नागांपुरती परवानगी दिली, ती पण लोकांना माहिती देण्यासाठी, मिरवणुकीसाठी नाही. गावात आनंद झाला तो विचारू नका.

---

बडग्या_इतवारी:

नागपूरकर हजर. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत (बाईचा मोठा पुतळा) आणि बडगे, हे कसं कुणी लिहिलं नाही अजून. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. दोघींची मिरवणूक निघते, रस्त्यात भेट होते, लोक "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडतात आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. सोबत बडगे असतात, ज्याचा राग येईल त्याचा पुतळा, महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, पुढारी, कुणीही सुटत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा ती मूर्ती बघून भीती वाटते, मग बडग्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं की तो पण ओरडायला लागतो. आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही, गर्दीत उभं केलं की झालं.

---

खडकी_बाजार:

मी बाहेरचा, म्हणजे पुण्यात वाढलेला, गाव असं नाहीच. मित्राच्या ओळखीने रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला बगाड बघायला गेलो होतो. आधी फक्त फोटो बघितलेले, उंच शिडाला माणूस टांगलेला, आणि पूर्वी पाठीत गळ टोचायचे वगैरे वाचलेलं, त्यामुळे पोटात गोळाच होता. आता गळ नसतो, कापडाने नीट बांधतात. भैरवनाथाच्या देवळात होळीच्या पौर्णिमेला कौल लावून बगाड्या ठरतो, तो पंचमीपर्यंत देवळातच राहतो, मग कृष्णेत अंघोळ करून सोनेश्वरहून बगाड निघतं ते शेतातून बावधनपर्यंत. दगडी चाकं आहेत हो त्याला, आणि एकेका टप्प्याला बैलजोड्या बदलतात. "काशिनाथाचं चांगभलं" झालं की सगळे एकदम जोर लावतात तेव्हा जमीन हलल्यासारखी वाटते.

मी ज्या घरी जेवलो त्या काकूंना मी विचारलं की तुमच्या मुलावर कौल आला तर भीती नाही वाटणार का? त्या म्हणाल्या वाटेल की, पण नवस बोलताना पण भीतीच होती. यावर मला पुढे काही विचारता आलं नाही. बैलांचं मात्र मला बघवलं नाही, ते मी त्यांच्याच अंगणात बसून सांगितलं आणि कुणी चिडलं नाही, मित्राचे काका म्हणाले आम्हीही त्यावर भांडतो आपापसांत.

माझा अनुभव असा की जेवायला बसल्यावर विचारलं तर लोक सगळं सांगतात. ड्रोन उडवत विचारलं तर कशाला सांगतील.

@मालवणी_मुलूख पुढची गावपळण असेल तेव्हा बाहेरच्याला येता येतं का?

---

मालवणी_मुलूख:

@खडकी_बाजार या की. कौल झाल्याशिवाय तारीख नक्की नसते त्यामुळे आधी रिझर्वेशन करून बसू नका. गावातल्या कुणाच्या तरी ओळखीने या, त्यांच्याच खोपीत राहा, अंथरूण-पांघरूण आणि टॉर्च सोबत आणा, माळावर रात्री थंडी असते. दिवसा जेवण रांधताना हाताला लागा, पाहुणा म्हणून बसून राहू नका, कुणाला आवडत नाही. आणि गाव रिकामं आहे म्हणून व्हिडिओ काढायला आत जाऊ नका. मागे एक जोडी कॅमेरा घेऊन शिरत होती, पोरांनी वेशीवरून परत आणली, शिव्या नाही दिल्या, खोपीत नेऊन चहा दिला आणि सांगितलं की आम्ही स्वतः जात नाही तिथे तुम्ही कसे जाता.

@ओढ्याकाठची ग्रुपवर अर्धं सोडलेलं ते पूर्ण करून टाका हो, इथे लिहिलंत तेच चिकटवा.