फाउंड्रीचा रिजेक्शन डॅशबोर्ड अर्धवट असतानाच सुपरवायझरांना दाखवावा का?

आकडेवाली_शिरोली:
शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी (धातू ओतून कास्टिंग बनवणारा कारखाना) आमची चौघांची टीम काम करतेय. साच्याच्या सँडचा (वाळूचा) ओलावा, वितळलेल्या रसाचं तापमान, शिफ्ट यांचा ब्लो होलशी (कास्टिंगमध्ये वायूमुळे पडणाऱ्या भोकांशी) काय संबंध आहे, ते शोधायचंय. मुदत ६ महिने. सर म्हणतात, आधी ४ महिने सगळा डेटा एका जागी आणू, मॉडेल बसवू, मगच डॅशबोर्ड दाखवू. कच्चं काम दाखवलं तर मालकांचा विश्वास उडेल. पण २ महिने झाले तरी मोल्डिंग लाइनवरच्या (साचे बनवणाऱ्या) एकाही माणसाशी आम्ही बोललेलो नाही. मला धाकधूक वाटतेय. सरांना कसं पटवू?

भट्टीजवळचा:
ताई, हे मी भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोकुळ शिरगावला एका कारखान्यात आम्हीही असंच केलं होतं. ५ महिने खपून शॉप फ्लोअरवर मोठ्या टीव्हीवर आलेख लावले. तिसऱ्या शिफ्टला सर्वांत जास्त ब्लो होल, असा निष्कर्ष. मोल्डिंगचे जुने सुपरवायझर मामा पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, ह्या तारखा ओतल्याच्या न्हाईत. मशीन शॉपला टूल लागल्यावर भोक दिसतंय, तवा एंट्री पडती."

झालं. ब्लो होल बऱ्याचदा कातडीखाली असतं, मशीनिंग होईपर्यंत दिसत नाही. आज सापडलेला दोष आठ-दहा दिवसांपूर्वीच्या ओतकामातला. आम्ही तो आजच्या सँडच्या ओलाव्याशी जोडत होतो! ५ महिन्यांत एकानंही मामांना विचारलं नव्हतं.

पुढच्या कामात मी उलटं केलं. एकच कास्टिंग निवडलं, दोन आठवड्यांच्या वहीतल्या नोंदी एक्सेलमध्ये घातल्या आणि ए-थ्री कागदावर आलेख छापून लाइनशेजारी चिकटवला. शेजारी दोरीला पेन्सिल बांधली. तिसऱ्या दिवशी कागदावर लिहिलेलं होतं, 'नंबर ग्राइंडिंगमधी जातोय'. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करतात तिथं) गेलो तर खरंच हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या वितळणीतला रस, त्याचा नंबर) पार्टिंग लाइनला, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेला, खेटून होता, आणि तिथली फिन (बाहेर आलेला पातळ जादा धातू) घासताना तोही पुसला जायचा. म्हणजे कास्टिंग कुठल्या हीटचं, हे शोधायला वाटच नव्हती. कितीही भारी मॉडेल आणलं असतं, तरी उपयोग शून्य. आधी पॅटर्नवर (ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात त्या नमुन्यावर) नंबरची जागा बदलावी लागली. हे तिसऱ्या दिवशी कळलं, पाचव्या महिन्यात नाही.

सरांना क्रिस्प-डीएम (डेटाची कामं टप्प्याटप्प्यानं करायची पद्धत) माहीत असेलच. त्यातले ६ टप्पे सगळे सांगतात. पण धंदा समजून घेणं आणि डेटा समजून घेणं या पहिल्या दोन टप्प्यांमध्ये बाण दोन्हीकडे आहेत, ते दाखवा. आणि मालकांना 'डॅशबोर्ड' म्हणून काही दाखवूच नका. 'नोंदी बरोबर आहेत का, तेवढं तपासायचंय' म्हणा. कागदावर पेन्सिलीनं खाडाखोड करायला कुणालाही संकोच वाटत नाही. चकचकीत स्क्रीन दिसली की माणसं 'छान आहे' म्हणून निघून जातात.

रात्रपाळी_सुपरवायझर:
वरच्याशी सहमत. एकच सांगतो, 'तुम्हाला काय पाहिजे' असं विचारू नका, आम्हालाही ते नीट सांगता येत नाही. 'काल रिजेक्शन वाढलं तेव्हा काय केलंत?' असं विचारा. मग आम्ही सँड मुठीत दाबून कशी बघतो, पावसाळ्यात काय बदलतो, सगळं बाहेर येतं. आणि पहिल्या कागदावर ऑपरेटरचं नाव छापू नका. नाव दिसलं की दुसऱ्या दिवसापासून खऱ्या नोंदी बंद.

आकडेवाली_शिरोली:
दादा, आत्ताच आमची टेबलं उघडून बघितली. आमच्याकडेही 'तारीख' हा एकच रकाना आहे, आणि ती कुठली तारीख, हे आमच्यातल्या कुणालाच सांगता येईना. सरांना तेवढंच दाखवलं, फार बोलावं लागलं नाही. गुरुवारी पहिल्या शिफ्टला दोघं लाइनवर जातोय. पॅटर्नवर नंबर हलवायला तुम्हाला किती खटपट पडली?

भट्टीजवळचा:
नंबरची पट्टी स्क्रूनं बसवलेली होती, त्यामुळे पॅटर्न शॉपनं लवकर करून दिलं. पण हलवायच्या आधी फेटलिंगवाल्यांना नवी जागा दाखवून घ्या, त्यांचा ग्राइंडर कुठं फिरतो ते त्यांनाच ठाऊक.