अनुभव धागा : र. धों. कर्वे तुमच्या घरात कसे शिरले?

संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. तरी जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. पण हे सगळं मुंबईत. आपल्या मराठवाड्यात ते कुणाला, कुठं भेटले? सुरुवात मीच करतो.

परभणीच्या वाड्यात, माळवदाखालच्या खोलीत आजोबांची ट्रंक होती. तीत सात-आठ अंक. एकालाही मुखपृष्ठ नाही. उंदरांनी खाल्लं म्हणावं तर कातर सरळ चाललेली. आजी म्हणाली, "उघड्या बाईचं चित्र होतं, लेकरांच्या हाती लागलं असतं. आतलं राहू दिलं की!" तू वाचलंस का, विचारल्यावर पदर तोंडाला लावून हसली. आजोबांनी एवढं वाचून सात लेकरं कशी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

छत्रपती संभाजीनगर, निवृत्त प्राध्यापक : मिलिंद महाविद्यालयात शिकताना कळलं की १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लीलच, हे त्यांना मान्य नव्हतं. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. आम्हा पोरांना हरलेला खटलाच जास्त भावला.

लातूर, शिक्षिका : मला कर्वे पटतात, त्यांची मुखपृष्ठं नाही. उघडी दरवेळी बाईच का? आणि हो, प्रजननाचा धडा आमच्या सरांनी "घरी वाचा" म्हणून सोडला होता. मी शिकवते. पहिल्या वर्षी फळ्याकडंच बघून शिकवला, खोटं कशाला बोलू.

बीड, आशाताई : आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बाया तिशीतच पिशवी काढून बसल्यात, अन् तांबी म्हणलं की घाबरत्यात. ट्रेनिंगला मॅडमनी सांगितलं, कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. शंभर वर्षं उलटली की हो! परवा एकीनं निरोध मागितले, नाव न घेता. "ताई, ते तसलं हाय का?" दिले. सासू अंगणात होती. सुनेनं पाकीट शेंगदाण्याच्या डब्यात तळाला घातलं, वरून शेंगदाणे सारखे केले अन् मोठ्यानं म्हणाली, "चहा टाकू का?"