2 जीबी रॅमचं जुनं नेटबुक, लिनक्स पहिल्यांदाच: कोणतं घालू? बजेट 1000

केरी_सत्तरी
नमस्कार मंडळी. घरात बाबांचं दहा इंची नेटबुक आहे. इंटेल ॲटम एन455, 2 जीबी रॅम, 250 जीबी हार्ड डिस्क, विंडोज 7 स्टार्टर. चालू व्हायला सात मिनिटं घेतं, ब्राउझर उघडला की गोठतं. गावच्या जत्रेतल्या नाटकाची संहिता वहीतून मराठीत टाइप करायची आहे, साठेक पानं. वहीची पानं कोपऱ्यांना सुटत आलीत, म्हणून घाई. विंडोजऐवजी चालतं ते लिनक्स कधी हातात घेतलेलं नाही. हजाराच्या वर जाता येणार नाही. सिस्टीममध्ये 32-बिट दिसतं, म्हणजे 32-बिटवालंच शोधायचं ना?

म्हापशेकर
हजारात काय होणार? ऑफिसांतून निघालेले आय5, 8 जीबीवाले लॅपटॉप पंधरा-सोळा हजारांत मिळतात. मुलीला तसाच घेतला, दोन वर्षं झाली, एकदाही दुकानात न्यावा लागला नाही. ॲटमवर वेळ घालवू नका.

फोंड्याचे_मास्तर
लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मी निवृत्त झाल्यापासून तेच वापरतो. खाली मेन्यू, कोपऱ्यात घड्याळ, सगळं विंडोजसारखं. डोळे मिटून घाला.

वाळपई_वायरमन
सर, तुमच्या मशीनला रॅम किती? मिंटवालेच 2 जीबी किमान सांगतात आणि 4 असली तर बरं म्हणतात.

फोंड्याचे_मास्तर
4 आहे. पण प्रोसेसर माझाही जुनाच.

पेडण्याचा_पाऊस
एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. बाकी सगळं नंतर. आमच्याकडे पावसाळ्यात लॅपटॉप महिनाभर कपाटात राहिला, बाहेर काढला तर हार्ड डिस्क टिकटिक करायला लागली. एसएसडी घातल्यापासून तेच मशीन पळतं. हजाराच्या थोडं वर जाईल, पण करा.

माड_आणि_मोडेम
बाय, 32-बिट दिसतं ते विंडोजचं. स्टार्टर 32-बिटमध्येच यायची. एन455 हा प्रोसेसर 64-बिट चालवतो. एन270 असता तर गोष्ट वेगळी होती. खात्री करायची तर कोणतंही 64-बिट लाइव्ह लिनक्स, म्हणजे डिस्कवर न घालता चालणारं, पेनड्राइव्हवरून चालू करून बघा. चालू झालं की प्रश्न मिटला. हे आधी बघा, कारण 32-बिटचा रस्ता बंद होत चाललाय. 2025 साली आलेल्या डेबियन 13 या लिनक्सला 32-बिट इन्स्टॉलर नाही, फायरफॉक्सनेही 145 आवृत्तीपासून लिनक्सवरचं 32-बिट सोडलं.
आणि रॅमवर पैसे घालू नका, एन455 2 जीबीच्या वर घेतच नाही. माझं मत: अँटीएक्स हे जुन्या मशीनांसाठीचं लिनक्स, फुल आवृत्ती. डेबियनवर बांधलेलं, खिडक्या दाखवायला आइसडब्ल्यूएम हा हलका प्रोग्राम, लिब्रेऑफिस आतच येतं. दिसायला साधं आहे, पण अशा मशीनवर श्वास घेतं. विंडोज पुसून थेट डिस्कवर घाला.

म्हापशेकर
रॅम 4 जीबी करा, फरक पडेल.

माड_आणि_मोडेम
वर लिहिलंय, घेत नाही.

घड्याळवाला_मडगांव
माझा अनुभव ऐका. जुन्या नेटबुकवर लिनक्स घातलं, एकही वेबसाइट उघडेना, प्रत्येकीवर सर्टिफिकेटची चूक. दोनदा सगळं पुसून परत घातलं, तरी तेच. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात तारीख बघितली: 1 जानेवारी 2010. मदरबोर्डवरचा, तारीख-वेळ सांभाळणारा सीआर2032 सेल मेला होता. माझ्यात तो काळ्या टेपात गुंडाळलेला, दोन वायरी असलेला निघाला. बदलला, सगळं सुरळीत. आधी तारीख बघा!

वाळपई_वायरमन
वायफाय सापडलं नाही तर घाबरू नका. फोन यूएसबीने जोडायचा, टेथरिंग चालू करायचं, फोनचं नेट मशीनला येतं.

फोंड्याचे_मास्तर
मराठीचं कुणी बोललंच नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, "सुडो एप्ट इन्स्टॉल आयबस-एम17एन" आणि "फॉन्ट्स-देवा" हे इंग्रजी अक्षरांत लिहून घाला. आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये मराठीचं इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड मिळतो, उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी टाइप करायचा फोनेटिकही मिळतो. इनस्क्रिप्ट शिका, पंधरा दिवस जड जातं, मग हात आपोआप चालतो.

पेडण्याचा_पाऊस
नाटकवाल्यांच्या जुन्या संहिता युनिकोड नसलेल्या फॉन्टात असतात, त्या लिनक्सवर उघडल्या की नुसती चित्रविचित्र अक्षरं. लिनक्सवर मराठीचे हालच.

फोंड्याचे_मास्तर
ते लिनक्समुळे नव्हे हो, त्या फॉन्टांमुळे. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तेच होतं. शिवाय बाय वहीतून टाइप करणार आहे, तिला जुन्या फायलींशी काय देणं?

पेडण्याचा_पाऊस
बरं. पण एसएसडी घाला.

केरी_सत्तरी
सगळ्यांचे आभार. आठवडाभर खटपट केली, काय केलं ते सांगते.
तारीख बरोबर होती. अँटीएक्सचं 64-बिट फुल पेनड्राइव्हवर घेतलं, चालू झालं. पहिल्यांदा युजर आणि पासवर्ड दोन्ही "डेमो" हे कळायला अर्धा तास गेला. वायफाय नाही सापडलं, फोन जोडून काम झालं.
पण डिस्क मी पुसली नाही, बदललीही नाही. बाबा गेल्या वर्षी गेले. ते पेटी वाजवायचे, तालमींची ध्वनिमुद्रणं त्याच डिस्कवर आहेत, आणि त्यांनी केलेली फोल्डरांची मांडणी मला हलवायची नाही. ध्वनिमुद्रणांची एक प्रत मामेभावाच्या डिस्कवर घेतली, तरीही. तिथल्याच लाइव्ह यूएसबी मेकरने 32 जीबीच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर अँटीएक्स बनवलं, पर्सिस्टन्स चालू केला, म्हणजे केलेले बदल पेनड्राइव्हवरच जपले जातात. आता तो लावला की लिनक्स, काढला की बाबांचं विंडोज. खर्च चारशे रुपये.

माड_आणि_मोडेम
पेनड्राइव्हवर कायमचं चालवू नका हो, लिहून लिहून तो मरतो. डिस्कचे भाग पाडून बाजूला घालता येईल, विंडोज तसंच राहील.

केरी_सत्तरी
डिस्कला हातच लावायचा नाही, दादा. संहिता लाइव्ह-यूएसबी-स्टोरेज फोल्डरात ठेवते आणि रोज रात्री स्वतःला ईमेल करते. नेटबुकची बॅटरी मेलीय, काल लाईट गेली तेव्हा सेव्ह न केलेलं अर्धं पान गेलं, बाकी सगळं जागेवर होतं. पहिला अंक टाइप झाला, सव्वीस पानं. मास्तर, इनस्क्रिप्टच शिकतेय, "ज्ञ" अजून हाताला सापडत नाही. देव बरें करूं.

फोंड्याचे_मास्तर
शिफ्ट धरून 5 दाब. मिळालं नाही तर ज, हलन्त, ञ.